उचगावच्या मेडिकलातल्या गोळ्या

बिद्री
११ एप्रिल २०२५

तमे,

पत्र बघून दचकू नको. माझा फोन आबांनी काढून घेतलाय. "त्या पोराला मेसेज करत बसशील" म्हणाले. आणि मला मावशीकडं आणून सोडलंय. साखर कारखान्याचं गाळप संपलं तरी इथं हवेत मळीचा वास हाय. दिवसभर मावशीची गहू निवडायची कामं करते. तुझी गिरण आठवती.

तुला किती म्हाईत हाय ते म्हाईत न्हाई, म्हणून सगळंच लिहिते. सुपारी फोडायला चार दिवस राहिलेले. तवर कागलहून, ऋतुराजच्या घरनं, निरोप आला, पत्रिका जुळत न्हाई. आता बघ, पत्रिका त्यांच्याच गुरुजींनी जुळवलेली. आबांनी मध्यस्थाला फैलावर घेतलं तवा त्यानं तोंड उघडलं. "पोरीला फीट येत्यात हे तुम्ही लपवलंसा." असं म्हणाला. आबांचा चेहरा तू बघायला पाहिजे होतंस.

आम्ही लपवलं न्हाई गं. म्हणजे आई-आबांनी लपवलं असतं. मी न्हाई. सुपारीच्या आधीच्या रविवारी ऋतुराज मला भेटायला येणार होता. मी त्याला स्वतः सांगणार होते. तीन दिवस आरशासमोर बोलून बघितलं होतं. "आठवीत असताना पहिली फीट आली. आता चार वर्षं झाली एक बी न्हाई. गोळी चालू हाय. विचार करून सांगा." एवढंच. त्यानं नको म्हटलं असतं तर चाललं असतं. पण माझं मला सांगू दिलं न्हाई कुणी.

गावात सगळी धोंडुआजीचं नाव घेत्यात. आमच्या दारासमोर राहती, दिवसभर तोंड चालू. आबा तिच्या दारात जाऊन लई बोलले. मला ते पटत न्हाई, पण दुसरं कोण?

तू गिरणीत बसतीस. बायका दळण ठेवून काय काय बोलत्यात, तुझ्या कानावर येतंय. कोण बोललं ते हुडकून काढ. तू कुणाला काय विचारत न्हाईस म्हणून तुझ्यासमोर सगळी बोलत्यात.

मावशीचा पत्ता मागं लिहिलाय.

अनुजा


गडमुडशिंगी
१६ एप्रिल २०२५
(हे पोस्टात टाकलं न्हाय)

अनुताई,

मी सांगितलं. दुसरं कोण न्हाय. मी.

निरोप यायच्या आधीच्या मंगळवारी कागलच्या दोन बायका गाडीतनं उतरल्या. मोटर चालू होती. एक मोठी, काठाची साडी, हातात पर्स. म्हणाली, "पाणी मिळंल का बाळ?" मी तांब्या दिला. ती पोत्यावर बसली. धोंडुआजी गिरणीच्या दारात मिरच्याची देठं खुडत बसलती, तिला तिनं काय सुदीक इचारलं न्हाय.

मला म्हणाली, "तू त्या अनुजाच्या भावकीतली काय गं?"

मी म्हटलं, "न्हाय. आम्ही मुसलमान हाय."

"मग बरं झालं. भावकीतला माणूस एक तर लई गोड बोलतो, न्हाय तर वाकडं. आणि गिरणीत सगळ्या घरचं म्हाईत असतंय. तू खरं सांग. पोरगी कशी हाय?"

"लई चांगली."

"चांगली तर सगळीच म्हणत्यात. काय दुखणं-बिखणं?"

मी खाली बघितलं. ती माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "आमच्या घरात लेकीसारखी येणार हाय. उद्या काय झालं तर आमालाच बघाय लागणार न्हवं? सांग. तू शाणी दिसतीस."

मग मी सांगितलं. फीट यायच्या. चार वर्षं झाली एक बी न्हाय. गोळी हाय. गावच्या मेडिकलात घेतली की सांजच्याला गावभर हुतंय, म्हणून मीच उचगावच्या मेडिकलातनं आणतो. डॉक्टर म्हणत्यात काय भ्या न्हाय.

तिनं माझ्या गालावरनं हात फिरवला. तिच्या बोटांना पीठ लागलं. ते तिनं रुमालानं पुसलं आणि गाडीत बसली.

मला वाटलं, खरं सांगितलं की चांगलंच हुईल. मी तुझं लई गुणगान केलं, देवाशपथ. ताटाबाहेर सांडलेला भात सुदीक वेचून खातीस ते बी सांगितलं.

तू रविवारी सांगणार हुतीस हे मला म्हाईत न्हवतं.

हे पत्र टाकाय पोस्टापर्यंत गेलतो. पेटीत हात घातला आणि काढला. आता दळणाच्या वहीत ठेवतो.

तमन्ना


गडमुडशिंगी
१७ एप्रिल २०२५

अनुताईस तमन्नाचा सलाम.

पत्र पोचलं. मी बरा हाय. अब्बांचा हात बी बरा हाय.

गिरणीत मिरच्याची गर्दी हाय. ब्याडगी कांडताना सगळी शिंकत्यात, कुणाचं काय ऐकू येत न्हाय. कोण बोललं ते मला कळलं न्हाय. मी कान देतो. पण तू त्यात जीव घालू नको. झालं ते झालं. तुला यापेक्षा चांगलं स्थळ येईल असं अम्मी म्हणती.

बाकी ठीक.

तमन्ना


बिद्री
२४ एप्रिल २०२५

तमे,

लई छोटं पत्र लिहिलंस. तू पहिल्यापासनं कमीच बोलतीस, पण कागदावर बी?

आबा म्हणत्यात चांगलं स्थळ येईल. तू बी तेच लिहिलंस. मला स्थळ नको, नाव पाहिजे. रात्रंदिवस तेच डोक्यात. घरात आई, आबा आणि मी. बाहेर डॉक्टर आणि तू. डॉक्टर कोल्हापुरात बसत्यात, त्यांना कागलचं कोण विचारायला जातंय? मग धोंडुआजीला कळलं कसं? ती कधी आमच्या घरात आत आलीच न्हाई. आई तिला पायरीवरच चहा देती.

तू ये-जा करताना कुणी तुला गोळ्या घेताना बघितलं का? आठवून बघ. तुला बोल लावत न्हाई, नुसतं विचारते.

मला आठवलं, मला पहिल्यांदा शाळेच्या वाटेवर फीट आली तवा तू चौथीत होतीस. बाकीची पोरं पुढं निघून गेलेली, कुणी बघितलं न्हाई. तू तुझं दप्तर माझ्या डोक्याखाली घातलंस आणि उठल्यावर म्हणालीस, "मी कुणाला सांगणार न्हाय." मी तुला सांगू नको म्हटलं पण न्हवतं.

धोंडुआजीला आबांनी काय केलं ते लिही. मला इथं कोण सांगत न्हाई.

अनुजा


गडमुडशिंगी
२९ एप्रिल २०२५

अनुताईस सलाम.

धोंडुआजीचं इचारलंस. तुझ्या आबांनी काय केलं न्हाय, नुसतं बोलले. पण बायकांनी केलं. चिमणाबाई पहिल्यांदा म्हणाली, "हिच्या हातची मिरची आमाला नको. हिचं तोंड आणि हिचा हात सारखाच तिखट." मग सगळ्या तसंच म्हणाय लागल्या. शेवटी अब्बांनी तिला सांगितलं, आज्जी, थोडं दिवस येऊ नगा, गिऱ्हाईक तुटतंय. तिनं चादरीवरची देठं झाडली आणि गेली. चादर आमचीच हुती, ती घडी घालून ठेवून गेली.

आता देठं मी खुडतो. बोटं नुसती आग मारत्यात. तोंडाला हात लागला की डोळ्यातनं पाणी येतंय, मग कुणी इचारत न्हाय का रडतीस.

आणि तू म्हणालीस तिला कसं कळलं. मला वाटतंय तिनं तुमच्या घरामागच्या परड्यात गोळ्याचं रिकामं पाकीट बघितलं असंल. म्हातारी सगळं वेचून बघत असती. तसंच असंल. मी गोळ्या घेताना कुणी बघितलं न्हाय. मी ओढणीत गुंडाळून आणतो.

तुझ्या पत्रात दप्तराचं लिहिलंस ते वाचून मी पत्र बंद केलं. मग दुपारी पुढचं वाचलं.

तमन्ना


बिद्री
५ मे २०२५

तमन्ना,

काल मुरगूडच्या बाजारात मोना भेटली. ऋतुराजची चुलतबहीण, तिला तू बघितलं न्हाईस. मला बघून ती वाट बदलणार होती, मीच हाक मारली. भाजीच्या गाड्यामागं उभं राहून बोललो. चांगली हाय बिचारी. म्हणाली, "आत्यानं घरात येऊन सांगितलं, पोरीच्या गोळ्या सुदीक गावात घेत न्हाईत, उचगावच्या मेडिकलातनं आणत्यात. एवढं झाकायचं म्हणजे दुखणं लई मोठं असणार."

उचगावचं मेडिकल, तमे. आईला सुदीक म्हाईत न्हाई तू गोळ्या कुठनं आणतीस. तिला वाटतंय कोल्हापुरातनं.

मला मागच्याच पत्राला शंका आली होती. तू रिकाम्या पाकिटाचं लिहिलंस ना, तिथंच. रिकामी पाकिटं मी कवाच परड्यात टाकत न्हाई. तुझ्याकडंच देते, तू गिरणीतल्या मसाला भाजायच्या भट्टीत जाळतीस. तुला ते म्हाईत असून तू त्या म्हातारीवर टाकलंस. लिहिताना ते विसरलीस, का मी विसरले असेन असं वाटलं?

मी ओरडत न्हाई. मावशी शेजारी झोपली हाय आणि ओरडून काय होणार. लग्न मोडल्याचं दुःख आता तेवढं न्हाई. तो भेटला असता आणि नाही म्हणाला असता, तर ते माझं आणि त्याचं झालं असतं. आता ते गावाचं झालं.

एकच विचारते. का सांगितलंस? मला ओढणीत गुंडाळलेलं उत्तर नको.

अनुजा


गडमुडशिंगी
१० मे २०२५

अनुताई,

यासोबत एक जुनं पत्र हाय, १६ एप्रिलचं. आधी ते वाच, मग हे. ते खरं हाय, पण पुरं न्हाय.

त्यात मी लिहिलंय, मला वाटलं खरं सांगितलं की चांगलं हुईल. हे मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या घडीला मला तसलं काय वाटलं न्हवतं. त्या घडीला मला लई बरं वाटत हुतं, एवढंच.

तुला आठवतंय न्हवं, आठवीत त्या नव्या बाई आल्यात्या पुण्याकडनं. मी निबंधात "मी बाजाराला गेलो" लिहिलं. त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाल्या, "मुलगी आहेस की मुलगा?" सगळा वर्ग हसला. आमच्या घरात अम्मी बी "मी आलो"च म्हणती, तुझी आई बी म्हणती. पण त्या दिवसापासनं मी वर्गात तोंड उघडलं न्हाय. मग अब्बांचा हात पट्ट्यात सापडला, मला गिरणीत बसवलं, शाळा सुटली. सगळ्यांना वाटलं अब्बांमुळं सुटली. मला बी तसंच सांगायला बरं पडलं.

तवापासनं गिरणीत मला कोण काय इचारत न्हाय. "बारीक दळ" म्हणत्यात आणि डबा ठेवून जात्यात. डबा बघून मला कळतंय कुणाच्या घरात काय चाललंय. नाचणी आली की कोण तरी आजारी, बेसनाची डाळ आली की पावणं येणार. चिमणाबाईच्या सुनेनं दोन डबे वेगळे आणले की मला घरातलं भांडण आधी कळतंय. सगळ्या गावाचं मला म्हाईत, आणि मी काय बोलत न्हाय म्हणून गाव मला गरीब समजतंय.

त्या बाईनं पहिल्यांदा मला असं इचारलं, जसं माझ्या सांगण्यावर काय तरी ठरणार हाय. "तू शाणी दिसतीस" म्हणाली. मग माझं तोंड आपोआप चाललं. गोळ्याचं मीच आणतो हे तर तिनं इचारलं बी न्हवतं. ते मी माझं मोठेपण म्हणून सांगितलं. बघ, अनुताईचं एवढं मोठं काम मी करतो, असं. तुझं गुपित मी दागिन्यागत घालून दाखवलं.

का सांगितलं, ते हे. याच्या खाली आणखी काय झाकलेलं न्हाय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी धोंडुआजीकडं गेलतो. ती चुलीपाशी बसलती. मी म्हटलं, "आज्जी, ते मी..."

ती म्हणाली, "म्हाईत हाय. मी दारातच बसलोतो की."

मी इतके दिवस धरून चाललोतो, मोटर चालू हुती, तिला ऐकू गेलं नसंल.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"कुणाला सांगू? माझं खरं कोण मानतंय? म्हणाले असते, आता गिरणवाल्याच्या पोरीवर ढकलतीया." मग म्हणाली, "आणि मी तसल्या चौकश्या लई केल्यात बाई. दोन पोरींची लग्नं माझ्या तोंडानं मोडल्यात. त्या पापाची फेड मी करतो. पण ही माझी न्हवं. ही तुझी हाय."

दुसऱ्या दिवशी गिरणीत सात-आठ जणी हुत्या. चिमणाबाईचं दळण जात्यात पडत हुतं. मी उठलो आणि मोटर बंद केली.

"लाईट गेली काय गं?" चिमणाबाई म्हणाली.

"न्हाय. मी बंद केली."

सगळ्या माझ्याकडं बघाय लागल्या. गिरण बंद झाली की केवढी शांतता हुती, मला म्हाईतच न्हवतं. मी म्हणालो, "कागलच्या पावण्यांना धोंडुआजीनं सांगितलं न्हाय. मी सांगितलं."

मग मागनं कुणी तरी म्हटलं, "आगंबया, हिला आवाज हाय व्हय!" दोघी-तिघी हसल्या. चिमणाबाई हसली न्हाय. ती पुढं आली, डोळे बारीक करून म्हणाली, "आणि काय सांगितलंस गं नेमकं? नीट सांग की. किती वर्षं येत्यात म्हणं? लहानपणापासनं?"

सगळ्या ऐकायला वाकल्यागत. चिमणाबाई अगदी त्या कागलच्या बाईगत मला इचारत हुती.

मी म्हटलं, "ते सांगणार न्हाय."

"आता काय राहिलंय झाकायचं?"

"मी सांगणार न्हाय. अनुताईला इचारा, तिला वाटलं तर ती सांगंल."

चिमणाबाईनं अर्धं दळण तसंच डब्यात भरून घेतलं आणि गेली. आणखी एकीनं डबा उचलला. अब्बा दारात उभे हुते, कवा आले कळलं न्हाय. मला वाटलं मारत्यात. त्यांनी बंद मोटरीकडं बघितलं. मग म्हणाले, "मोटर लाव. दळण राहिलंय." आणि सायकल काढून धोंडुआजीच्या घराकडं गेले.

आज ती आली. चादर अंथरली, बसली. मला म्हणाली, "तुझी बोटं बघ कशी झाल्यात. हो बाजूला, देठ असं खुडत न्हाईत." मी सरकलो. माझी मान अजून वर हुत न्हाय.

तू माफ कर असं मी लिहिणार न्हाय. ते लिहून तुझ्याकडनं परत काय तरी घेतल्यागत हुईल.

गोळ्याचं पाकीट या महिन्याचं राहिलंय. पोस्टानं पाठवू का कुणाच्या हातनं, ते तू सांग. तू नको म्हटलंस तर मी आणणार बी न्हाय.

तमन्ना


बिद्री
१९ मे २०२५

तमन्ना,

दोन्ही पत्रं वाचली. मावशीला वाचून दाखवली न्हाईत. राग हाय. किती दिवस राहील ते सांगता येत न्हाई, आणि तुझ्यासाठी लवकर घालवणार बी न्हाई.

चिमणाबाईला सांगितलं न्हाईस, ते मात्र दोनदा वाचलं.

मी ऋतुराजला पत्र टाकलंय. लग्नासाठी न्हाई. आरशासमोर तीन दिवस बोललेलं वाक्य माझ्याजवळ तसंच पडून होतं, ते त्याला पोचतं केलं. उत्तर आलं तर आलं.

गोळ्या पाठवू नको. काल बिद्रीच्या मेडिकलात गेले. दुकानात सहा माणसं होती, त्यातली दोन मावशीच्या गल्लीतली. चिठ्ठी दिली. पोरगा म्हणाला, "कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." तो पिशवी शोधायला लागला. मी म्हटलं, राहू दे, हातातच दे.

जूनमध्ये परत येते. रिकामी पाकिटं आता माझी मीच टाकीन.

अनुजा